स्वित्झर्लंडचा फुकट इतिहासकोश : महापालिकेतल्या माणसांची पण नीट नोंद ठेवणारी वेबसाइट (रिव्ह्यू, नागपूरहून)

गेल्या उन्हाळ्यापासून मी एक वेबसाइट सारखी वापरून राहिली आहे आणि तिच्याबद्दल नीट बसून लिहायचं होतं, ते आज लिहिते. वेबसाइट म्हणजे स्वित्झर्लंडचा इतिहासकोश. जर्मन नाव हिस्टोरिशेस लेक्सिकॉन डेर श्वाइझ, फ्रेंच आणि इटालियन नावं वेगळी, आणि तिन्ही नावांची आद्याक्षरं जोडून पत्ता केलाय, एचएलएस डॅश डीएचएस डॅश डीएसएस डॉट सीएच. पैसे नाही, लॉगिन नाही, मोबाईल नंबर मागत नाही, मध्येच जाहिरात येत नाही. उघडा आणि वाचा.

आता नागपूरच्या बाईला स्वित्झर्लंडचा इतिहास काहून पाहिजे, हे आधी सांगून टाकते. आम्ही काही जणी मिळून आपल्या शहरातल्या जुन्या नगरसेविकांची माहिती गोळा करून राहिलो आहे. कोण कधी निवडून आल्या, कोणत्या वॉर्डातून, त्याआधी काय करत होत्या, कोणत्या समितीवर होत्या, काय काम केलं. एवढं साधं. आणि हे साधंच सापडत नाही. एखाद्या बाईंचं नाव एका शाळेच्या कोनशिलेवर असते, पण जन्म कुठला, शिक्षण किती, सभागृहात काय बोलल्या, याचा पत्ता कुठेच नाही, घरच्यांना विचारलं तं ते फोटो काढून दाखवतात पण तारीख कोणालाच आठवत नाही. मग वाटलं की बाहेरच्या देशांत ही असली नोंद कशी ठेवतात ते तरी पाहू, म्हणजे आपल्याला एक नमुना मिळेल. खूप ठिकाणं पाहिली. हा कोश सगळ्यात कामाचा निघाला.

थोडी माहिती कोशाची. 1988 मध्ये त्यांनी यासाठी एक फाउंडेशन काढलं, 1998 पासून लेख ऑनलाइन यायला लागले, आणि 2002 ते 2014 या काळात छापील खंड निघाले, तेरा खंड, आणि तेरा म्हणजे प्रत्येक भाषेत तेरा, जर्मनमध्ये, फ्रेंचमध्ये, इटालियनमध्ये. चौथी भाषा रोमान्श, ती बोलणारी माणसं अगदी थोडी, पण त्यांच्यासाठी पण दोन खंड वेगळे काढले. 36 हजारांच्या वर लेख आहेत. माणसांचे, घराण्यांचे, गावांचे, आणि विषयांचे. पूर्ण देशाची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास, आपल्या विदर्भापेक्षा कितीतरी कमी, आणि एवढा मोठा पसारा उभा केला. छापील खंड संपल्यावर दुकान बंद केलं नाही, ऑनलाइन नवीन लेख घालणं, जुने दुरुस्त करणं चालू ठेवलं. प्रत्येक लेखाखाली लिहिणाऱ्याचं नाव, भाषांतर करणाऱ्याचं नाव, लेखाची तारीख, आधार कुठला घेतला ते, आणि तुम्हाला कुठे उल्लेख करायचा असेल तं कसा करायचा तेही तयार लिहिलेलं. भाषांतर करणाऱ्याचं नाव देतात हे मला फार आवडलं, आपल्याकडे भल्याभल्या प्रकाशनांत भाषांतरकाराचं नाव शोधावं लागते.

माणसाच्या नोंदीचा साचा ठरलेला आहे. आधी जन्म-मृत्यूच्या तारखा आणि ठिकाणं, मग धर्मपंथ, मग मूळ गाव. हे मूळ गाव प्रकरण भारी आहे. स्विस माणसाचं एक कागदोपत्री मूळ गाव असते, ते जन्मगाव नाही, राहायचं गाव पण नाही, बापजाद्यांकडून आलेलं गाव, कधी कधी त्या माणसाने पाहिलेलं पण नसते, आणि त्यांच्या पासपोर्टवर जन्मगावाच्या जागी हे छापतात. मग आईवडिलांची नावं, वडील काय करत होते ते, लग्न कोणाशी, शिक्षण, नोकऱ्या, पक्ष, आणि मग एकेक पद वर्षासकट. शेवटी दोनचार वाक्यांत त्या माणसाच्या कामाचं वजन. बस. कुठे विशेषणं नाही, 'लोकनेते', 'कार्यसम्राट', 'जनतेचे लाडके' असं काहीच नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे हाच साचा केंद्रातल्या मंत्र्याला पण आणि शहराच्या पातळीवर काम केलेल्या माणसाला पण. लांबी कमीजास्त, पण साचा तोच.

मी याच्यावर सगळ्यात जास्त वेळ घालवला तो एमिली लीबरहेर या झ्युरिकच्या राजकारणी बाईंच्या मागे. त्यांच्यापासून सुरुवात केली आणि कोशातल्या इतर नोंदी, स्विस संसदेच्या वेबसाइटवरची 1848 पासूनच्या सदस्यांची यादी, असं जोडत जोडत वाचलं. ही सेवा कशी वापरायची ते त्यांच्याच उदाहरणावरून सांगते, कारण बाईंची कारकीर्दच अशी आहे की शहर, राज्य आणि देश तिन्ही एका आयुष्यात येतात.

जन्म 1924 चा, एर्स्टफेल्ड नावाच्या गावात, उरी कॅन्टनमध्ये. कॅन्टन म्हणजे त्यांचं राज्य समजा, असे 26 आहेत. एर्स्टफेल्ड म्हणजे गोटहार्ड रेल्वेचं गाव, आपल्या अजनीसारखं, इंजिनांवर आणि रेल्वेच्या पगारावर चालणारं. 57 किलोमीटरचा जो गोटहार्ड बोगदा 2016 ला सुरू झाला त्याचं उत्तरेकडचं तोंड याच गावाजवळ आहे. लीबरहेर बाईंचे वडील रेल्वेतच होते. घर कॅथलिक, कॅन्टन डोंगराळ आणि जुन्या वळणाचा, आणि मुलगी शिकली, बँकेत नोकरी केली, बर्नला अर्थशास्त्र शिकली, नंतर डॉक्टरेट पण घेतली. मध्ये काही वर्षं अमेरिकेत राहून आली, तिथे हेन्री फोंडा या नटाच्या घरी मुलं सांभाळायचं काम केलं, मुलं म्हणजे जेन फोंडा आणि पीटर फोंडा. परत आल्यावर झ्युरिकमध्ये दुकानात काम करणाऱ्या मुलामुलींना शिकवणाऱ्या व्यवसाय शाळेत शिक्षिका.

राजकारणात यायच्या आधीचं त्यांचं काम ग्राहकांचं. 1961 ला ग्राहक स्त्रियांचा मंच सुरू झाला त्याच्या संस्थापकांत त्या होत्या, आणि 1965 ते 1978 अध्यक्ष. आपल्याकडे बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली 1974 ला, म्हणजे तिकडे हे तेरा वर्षं आधी आणि बायकांनी चालवलेलं. घरखर्च बाई चालवते, भाव तिला माहीत, वजनातली लबाडी तिला माहीत, मग बाजाराबद्दल बोलायचा हक्क पण तिचाच. ही गोष्ट मला आपल्या महालातल्या किंवा कॉटन मार्केटमधल्या कोणत्याही बाईला समजावून सांगावी लागणार नाही.

आता यातली सगळ्यात मोठी गोष्ट. हे सगळं करत असताना या बाईंना मताचा हक्क नव्हता! डॉक्टरेट, अध्यक्षपद, शिक्षिकेची नोकरी, वय चाळिशीच्या पुढे, आणि मत नाही. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशाच्या पातळीवर मत मिळालं 7 फेब्रुवारी 1971 ला. मी हे पहिल्यांदा कोशातल्या स्त्रियांच्या मताधिकाराच्या लेखात नीट वाचलं आणि मग आपल्या तारखा शेजारी मांडल्या. आपल्याकडे 1952 च्या पहिल्या लोकसभेत नागपूरने अनसूयाबाई काळेंना निवडून पाठवलं होतं, 1957 ला परत पाठवलं, आणि त्याच्याही आधी, 1937 मध्ये त्या मध्यप्रांताच्या विधानसभेत उपाध्यक्ष झाल्या होत्या. म्हणजे जेव्हा नागपूरची बाई दिल्लीत खासदार होती तेव्हा झ्युरिकच्या बाईला स्वतःच्या शहराचा कारभारी निवडता येत नव्हता. हे वाचून आपल्याला नुसतं बरं वाटून सोडून देण्यासारखं नाही, कारण त्यांचा रस्ता किती कठीण होता ते त्यातून कळते. आपल्याला राज्यघटनेने एकदम, सगळ्यांना, एकाच वेळी हक्क दिला. तिकडे घटना बदलायची तं जनतेचं मतदान घ्यावं लागते, आणि जनता म्हणजे तेव्हा फक्त पुरुष. म्हणजे बायकांना हक्क द्यायचा की नाही हे पुरुषांना विचारायचं. 1959 ला विचारलं, 67 टक्क्यांच्या आसपास पुरुष नाही म्हणाले. बारा वर्षांनी 1971 ला परत विचारलं तेव्हा जवळजवळ 66 टक्के हो म्हणाले. एका पिढीच्या आत आकडा पूर्ण उलटला. आणि तरी कॅन्टनचं वेगळं, आपेनझेल इनररोडन नावाच्या छोट्या कॅन्टनने 1990 पर्यंत बायकांना आपल्या कॅन्टनच्या कारभारात मत दिलं नाही, शेवटी त्यांच्या सुप्रीम कोर्टाने द्यायला लावलं.

त्या बारा वर्षांत काय झालं ते समजून घ्यायचं असेल तं 1 मार्च 1969 चा बर्न मोर्चा वाचा. झालं असं की युरोपच्या मानवी हक्क करारावर सही करायची तयारी सरकार करून राहिलं होतं, पण अट घालून, की बायकांच्या मताचं आम्हाला लागू नाही. मानवी हक्काच्या कागदावर सही, आणि अर्ध्या देशाला वगळून. जुन्या मोठ्या महिला संघटना रस्त्यावर उतरायला तयार नव्हत्या, त्यांनी सभागृहात वेगळी सभा घेतली. मोर्चा निघाला तो बाकीच्या बायकांचा, सोबत काही पुरुष पण, सगळे मिळून पाच हजारांच्या आसपास, संसदेसमोरच्या चौकात. भाषण केलं लीबरहेर बाईंनी. आम्ही विनंती करायला नाही, मागणी करायला आलोय, असा त्यांचा सूर होता. सरकारकडून मंत्री कोणी बाहेर आले नाही, आणि बायकांनी शिट्ट्या वाजवून चौक दणाणून सोडला. दोन वर्षांत देशाचं मतदान झालं आणि हक्क मिळाला.

पण कोशात सालं ओळीने दिलेली असतात म्हणून एक गोष्ट लक्षात येते जी गोष्टीवेल्हाळ लेखांत निसटून जाते. शहर देशाच्या पुढे होतं. झ्युरिकमध्ये 1969 लाच बायकांना शहराच्या निवडणुकीत मत मिळालं, आणि 1970 ला, म्हणजे देशाच्या निर्णयाच्या आधीच, लीबरहेर बाई शहराच्या कारभारी मंडळावर निवडून आल्या. तिथली पहिली बाई. देशाच्या निवडणुकीत मत नाही पण झ्युरिकचं समाजकल्याण खातं हातात, अशी स्थिती काही महिने होती.

इथे आपल्या आणि त्यांच्या पालिकेतला फरक सांगावा लागेल, नाहीतर पदाचं वजन कळणार नाही. झ्युरिकमध्ये एक 125 जणांचं नगर संसदेसारखं सभागृह असते, ते आपल्या नगरसेवकांच्या सभागृहासारखं. आणि वेगळं नऊ जणांचं कारभारी मंडळ, श्टाटराट म्हणतात, ते थेट लोक निवडतात, चार वर्षांसाठी, आणि या नऊ जणांकडे प्रत्येकी एक खातं. शहराचा प्रमुख या नऊ जणांतलाच एक, तो पण लोकांनी निवडलेला. म्हणजे पाणी, शाळा, वृद्धाश्रम, जे काय असेल त्याला जबाबदार माणूस निवडून आलेला आणि त्याचं नाव लोकांना पाठ. आपल्याकडे खरी सही आयुक्तांची, महापौर अडीच वर्षांचा, तोही नगरसेवकांनी निवडलेला, आणि आरक्षणाच्या सोडतीने पद कोणत्या प्रवर्गाला ते ठरते. 1998 च्या सुमारास नागपुरात आणि मुंबईत मेयर इन कौन्सिलचा प्रयोग झाला होता, तो थोडासा यांच्या पद्धतीच्या जवळ जाणारा, पण लवकरच गुंडाळला गेला. आणि 2022 च्या मार्चपासून तं बराच काळ आपल्याकडे निवडून आलेलं कोणीच नव्हतं, प्रशासकच होते. त्यामुळे एकाच खात्यावर लोकांनी सहा वेळा निवडून दिलेली बाई, ही कल्पनाच आपल्याला नवीन वाटते.

हो, सहा वेळा. 1970 ते 1994, सलग 24 वर्षं. चोवीस वर्षं एकाच बाईच्या हातात शहराचं समाजकल्याण. यात काय काय बसलं ते पाहा. वृद्धांसाठी घरं, आणि ती बांधणं म्हणजे नुसती इमारत नाही, म्हाताऱ्या माणसाला स्वतःच्या किल्लीचं स्वतःचं घर मिळेल अशी व्यवस्था. बेकार तरुणांसाठी काम. आणि मला सगळ्यात जास्त भिडलेलं म्हणजे पोटगीची व्यवस्था. घटस्फोटानंतर बाप मुलाचे पैसे देत नसेल तं पालिका ते पैसे आईला आगाऊ देते, आणि नंतर पालिका स्वतः बापाच्या मागे लागून वसूल करते. किती सरळ विचार आहे! मूल दर महिन्याला जेवते, कोर्टाच्या तारखेला नाही. आपल्या सिव्हिल लाइन्सच्या कोर्टाच्या बाहेर बाया पोटगीच्या थकबाकीसाठी वर्षानुवर्षं चकरा मारतात, हातात ऑर्डर आहे पण पैसे नाही. वसुलीचं ओझं बाईच्या डोक्यावरून उचलून यंत्रणेच्या डोक्यावर ठेवायचं, एवढाच बदल, आणि त्याने आयुष्य बदलते. माझं म्हणणं आहे की आपल्या कोणत्याही महापालिकेच्या महिला व बालकल्याण समितीने या एका गोष्टीचा अभ्यास करावा, छोट्या प्रमाणात का होईना, करून पाहण्यासारखी आहे.

सगळं छानछान होतं असं नाही. 30 मे 1980 ला झ्युरिकमध्ये तरुणांचा मोठा उद्रेक झाला. ऑपेरा हाउसच्या दुरुस्तीसाठी सहा कोटी फ्रँक मंजूर करायचे होते आणि पोरांना स्वतःचं केंद्र पाहिजे होतं, त्यांच्यासाठी पैसे नाही म्हणे. दगडफेक, अश्रुधूर, महिनोनमहिने. समाजकल्याण खात्याच्या प्रमुख म्हणून लीबरहेर बाई या सगळ्याच्या मधोमध, तरुण त्यांच्यावर नाराज, दुसऱ्या बाजूचे म्हणत की बाई फार मऊ वागतात. मग ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ड्रग्जचा प्रश्न आला. प्लाट्झश्पिट्झ नावाची बाग, रेल्वे स्टेशनच्या अगदी मागे, तिथे उघड्यावर हजारो लोक सुया टोचून घ्यायचे, एड्सचे दिवस ते. 1992 ला बाग बंद केली तं गर्दी दुसरीकडे, लेटेन नावाच्या बंद स्टेशनवर गेली. नुसत्या पोलिसांनी हे होत नाही हे शहराला कळलं. व्यसनी माणसाला डॉक्टरच्या देखरेखीखाली, स्वच्छ सुईने, मोजून हेरॉइन द्यायचं आणि त्यातून त्याला रस्त्यावरून, गुन्ह्यातून बाहेर काढायचं, हा मार्ग लीबरहेर बाईंनी उचलून धरला. सत्तरीला टेकलेली कॅथलिक घरातली बाई हे बोलते म्हणजे धाडस पाहा. असे उपचार 1994 पासून प्रयोग म्हणून सुरू झाले, आणि 2008 ला देशाच्या मतदानात 68 टक्के लोकांनी त्यावर शिक्का मारला. प्रतिबंध, उपचार, हानी कमी करणं आणि पोलीस कारवाई, अशी चार खांबांची पद्धत म्हणून आता ती जगात सांगतात. माझ्या मनात यावरून आपल्या शहराचे काही कोपरे आले, पण ते वेगळं लिहीन.

कारकिर्दीतली देशपातळी मधेच येऊन जाते. 1976 ला स्त्रियांच्या प्रश्नांसाठी केंद्राने आयोग नेमला त्याच्या पहिल्या अध्यक्ष त्याच, 1980 पर्यंत. 1978 ते 1983 श्टेंडेराटवर, म्हणजे आपल्या राज्यसभेसारख्या वरच्या सभागृहात, झ्युरिक कॅन्टनकडून. तिथे झ्युरिकसारख्या कॅन्टनला पण दोनच जागा असतात. शहराचं खातं सांभाळून हे चालू होतं. 1983 नंतर दिल्ली सुटली, म्हणजे त्यांचं बर्न सुटलं, शहर सुटलं नाही.

आणि 1990 ला पक्षाने काढलं. समाजवादी पक्षाच्या होत्या, पण शहरप्रमुखाच्या निवडणुकीत त्यांनी आपल्या पक्षाच्या उमेदवाराऐवजी समोरच्याला पाठिंबा दिला. कार्यकर्त्यांना राग येणं साहजिक आहे, आणि माझं मत विचाराल तं पक्षाचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पक्षाची पण शिस्त असते. पण लोकांनी त्यांना ठेवलं, त्याच वर्षी निवडून दिलं आणि त्या 1994 पर्यंत काम करून स्वतःहून बाहेर पडल्या. 2011 च्या जानेवारीत गेल्या. झ्युरिकमध्ये त्यांच्या नावाचा चौक आहे.

आता परत सेवेकडे. मी हे सगळं वाचू शकले ते या कोशाच्या लिंकांमुळे. बाईंच्या नोंदीतून मताधिकाराच्या लेखात, तिथून कॅन्टनच्या लेखात, तिथून झ्युरिक शहराच्या लेखात, तिथून जुन्या शहरप्रमुखांकडे. एमिल क्लोटी म्हणून होते, 1907 पासून त्याच नऊ जणांच्या मंडळावर आणि 1928 ते 1942 शहरप्रमुख, त्यांच्या काळात 1934 ला आजूबाजूची आठ गावं शहरात घेतली, स्वस्त घरांची कामं झाली. आपल्या हुडकेश्वर-नरसाळा शहरात घेतले तेव्हाचे वाद आठवतात का, तेच तिकडे नव्वद वर्षांपूर्वी. असं एकातून एक उघडत जाते आणि रात्रीचे दोन कधी वाजले कळत नाही.

तक्रारी पण आहेत, त्या लपवत नाही. पहिली म्हणजे भाषा. लेख जर्मन, फ्रेंच, इटालियनमध्ये, इंग्रजी नाही. ब्राउझरचं भाषांतर लावून वाचावं लागते. वाक्यं छोटी आणि साचा ठरलेला असल्यामुळे मशीनचं भाषांतर बऱ्यापैकी चालते, पण पक्षांची आणि पदांची नावं गोंधळ करतात, एक पद तीन ठिकाणी तीन नावांनी दिसते, तेव्हा मूळ जर्मन नाव कागदावर लिहून ठेवा आणि त्याच नावाने शोधा. दुसरी, नोंदी फार कोरड्या. छापील खंडाची जागा वाचवायला लिहिलेल्या नोंदी तशाच ऑनलाइन आल्या, संक्षिप्त रूपं भरपूर. बाईंचा स्वभाव, आवाज, सभागृहातला एखादा वाद, हे पाहिजे असेल तं वर्तमानपत्रांकडे जा, स्विस वर्तमानपत्रांचं डिजिटल संग्रहालय पण फुकट आहे, पण तिथे मशीन भाषांतर लावणं कटकटीचं. तिसरी, बायका कमी. शहरांच्या कारभारात 1970 पर्यंत बायका फारच थोड्या होत्या तं नोंद कुठून येणार, हे कारण खरं, पण शिक्षिका, परिचारिका, संघटना चालवणाऱ्या बायका होत्या, त्यांच्या नोंदी अजून वाढायला पाहिजे. फोटो सगळ्या नोंदींना नाही.

आपल्याकडच्या कोशांशी तुलना होणारच, तं सांगते. मराठी विश्वकोश मला प्रिय आहे, तर्कतीर्थांनी वाईला बसून जे उभं केलं त्याला तोड नाही, आणि तो पण ऑनलाइन फुकट आहे. आणि केतकरांच्या ज्ञानकोशाची सुरुवात तं आपल्या नागपुरातच झाली, नंतर ते काम पुण्याला गेलं. म्हणजे कोश कसा करायचा हे आपल्याला शिकवायची गरज नाही. फरक फक्त एका गोष्टीत आहे. आपल्या कोशांत जग आहे, भारत आहे, मोठी माणसं आहेत, पण शहर चालवणारा माणूस नाही. मुंबईचं वानखेडे स्टेडियम सगळ्यांना माहीत, पण ज्यांच्या नावाचं ते बॅरिस्टर शेषराव वानखेडे आपल्या नागपूरचे महापौर होते हे नागपूरच्या किती कॉलेजच्या पोरांना माहीत आहे, विचारून पाहा. आपली महापालिका 1951 ची, नगरपालिका त्याच्याही आधी, 1864 पासून. दीडशे वर्षांच्या वर शहर चालवणारी माणसं झाली. 1993 पासून एक तृतीयांश जागा बायकांच्या, पुढे निम्म्या. 2017 च्या सभागृहात 151 जागा होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त बायका. एवढ्या बाया निवडून आल्या, काहींनी खरंच पाणी आणलं, काहींनी शाळा वाचवली, काहींच्या नावाने नवऱ्यांनी कारभार केला, हे पण लिहायला पाहिजे, आणि सगळं विसरून गेलं तं वीस वर्षांनी कोणाला विचारणार?

म्हणून या कोशाचा साचा आम्ही उचलला. तारखा, गाव, आईवडिलांचं काम, शिक्षण, आधीचा व्यवसाय, वॉर्ड, पक्ष, पदं वर्षासकट, दोन वाक्यं कामाची, खाली माहिती कोणी दिली त्याचा आधार आणि लिहिणाऱ्याचं नाव. जात-धर्माचा रकाना ठेवायचा की नाही यावर आमच्यात जोरात वाद झाला. स्विस कोश धर्मपंथ देतो, कारण तिकडे प्रोटेस्टंट कॅन्टन आणि कॅथलिक कॅन्टन या फरकाशिवाय त्यांचं राजकारण समजतच नाही. आपल्याकडे आरक्षणाचा प्रवर्ग पदाशी जोडलेला असतो, म्हणून प्रवर्ग लिहायचा आणि जात घरच्यांनी स्वतः सांगितली तरच, असं सध्या ठरवलंय. आईचं नाव आणि आईचं काम मात्र आम्ही सक्तीचं केलं. आजवर ज्या नोंदी झाल्या त्यांत आई काय करायची या प्रश्नावर घरचे सगळ्यात जास्त वेळ बोलतात, विड्या वळायची, एम्प्रेस मिलमध्ये जायची, संत्र्याच्या बागेत मजुरी करायची, आणि मग मुलगी नगरसेविका कशी झाली ते आपोआप कळत जाते.

रेटिंग द्यायचंच तं पाचपैकी साडेचार. अर्धा कापला तो बायकांच्या कमी नोंदींसाठी, भाषेसाठी नाही, ती त्यांची भाषा आहे. एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्यांना स्थानिक स्वराज्य संस्था आणि थेट लोकशाही या विषयांवर उदाहरणं पाहिजे असतात, त्यांना हा खजिना आहे. राज्यशास्त्र शिकवणाऱ्यांनी वर्गात प्रोजेक्टरवर लावून दाखवा. पत्रकारितेच्या पोरांनी नोंद कशी लिहावी ते शिकायला वाचा. ज्यांना सलग गोष्ट पाहिजे त्यांच्या कामाचा नाही.

वापरताना लॅपटॉपवर उघडा, मोबाईलवर भाषांतर लावलं की लिंका नीट चालत नाही. वर भाषा जर्मन ठेवा, शोधाच्या चौकटीत आडनाव आधी टाका. पहिल्यांदा स्त्रियांच्या मताधिकाराचा लेख वाचा, मग लीबरहेर, मग झ्युरिक शहराचा लेख, तो मोठा आहे, दोन बैठकांत वाचा. आणि तुमच्या घरात, शेजारी, ओळखीत कोणी नागपूर महापालिकेत कधीही निवडून आलेल्या आजी, काकू, मावशी असतील तं कमेंटमध्ये नुसतं वॉर्ड आणि साल टाका, नंबर टाकू नका, आम्ही मेसेज करू आणि वेळ घेऊन घरी येऊ.